आधी क्लिप, मग कलम

भारतातल्या तरुण मुलांनी आपलं खासगी आयुष्य चारचौघांत मांडायला सुरुवात केली ती ऑर्कुट या समाजमाध्यमावर. जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा कुणाचंही स्क्रॅपबुक, म्हणजे इतरांनी निरोप लिहायचं पान, कुणालाही वाचता यायचं. उत्तर द्यायचं ते समोरच्याच्या स्क्रॅपबुकात जाऊन. त्यामुळे दोघांचं बोलणं दोन पानांवर विखुरलेलं असे आणि ज्याला रस असेल तो दोन्ही पानं उघडून ते जुळवून वाचत बसे. मुलींचे फोटो उचलून खोटी प्रोफाइल काढण्याचे प्रकारही तिथे सर्रास झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत एका शाळकरी मुलाने मोबाइलवर केलेली खासगी क्लिप एमएमएसने पसरली आणि बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या साइटवर विकायलाही निघाली. डिसेंबरात कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात अश्लील मजकुरासाठी कलम ६७ होतं, पण परवानगीवाचून कुणाच्या खासगी अंगांचं चित्रण पसरवणं (६६ई) आणि मुलांचं लैंगिक चित्रण (६७बी) हे स्वतंत्र गुन्हे ठरले ते २००८ च्या दुरुस्तीने. ती अमलात यायला ऑक्टोबर २००९ उजाडला.

याच दुरुस्तीत ६६ए आलं : त्रासदायक संदेश पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. छळ होणाऱ्या मुलांना त्याचा आधार वाटायला हवा होता. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर बंद असलेल्या मुंबईबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. पोस्ट लाइक केली म्हणून मैत्रिणीलाही. पोस्ट लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. जिला झुंडीने छळलं तिलाच आरोपी केलं गेलं, हे विसरता कामा नये. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६ए रद्द केलं. ते योग्यच झालं. इतकं मोघम कलम टिकायलाच नको होतं. पण त्याच्या जागी नेमक्या शब्दांतलं काहीच आलं नाही.

आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामवर स्टोरी आली, सप्टेंबरमध्ये जिओ. डेटा पुरवून पुरवून वापरणाऱ्या घरांतली पोरंही दिवसभर ऑनलाइन राहू लागली.

आज भारतीय न्याय संहितेतलं पाठलागाचं कलम ७८ पुरुषाने स्त्रीचा केलेल्या पाठलागापुरतंच आहे. वर्गाच्या ग्रुपवर रंगावरून, वजनावरून रोज चिडवल्या जाणाऱ्या मुलाचे आईवडील पोलिसांकडे गेले, तर त्यांना प्रकरण धमकी किंवा बदनामीच्या कलमात बसवावं लागतं.