पिंप सीचा श्वास कशाने थांबला?

टेक्सासच्या आग्नेय टोकाला पोर्ट आर्थर नावाचं तेलशुद्धीकरण कारखान्यांचं गाव आहे. चॅड बटलर तिथे वाढला. वडील व्यावसायिक ट्रम्पेटवादक, सावत्र वडील बँड शिकवणारे. चॅड स्वतः शाळेच्या गायकवृंदात पाश्चात्त्य शास्त्रीय ढंगाचं गायचा. पुढे बर्नार्ड फ्रीमन, म्हणजेच बन बी, या मित्राबरोबर त्याने ‘यूजीके’ ही रॅपरांची जोडी जमवली आणि पिंप सी हे नाव घेतलं. पिंप म्हणजे वेश्यांचा दलाल. नावाप्रमाणेच त्याची गाणीही सोवळी नव्हती.

पण संगीत अस्सल. जुन्या रेकॉर्डचे तुकडे जोडून रॅपचा ठेका बांधायचा, ही तेव्हाची सर्रास पद्धत. पिंप सी त्यात खऱ्या वादकांची गिटार आणि चर्चमध्ये घुमतो तसा ऑर्गन मिसळायचा. घरचे संस्कार लपत नाहीत ते असे. रॅपचं मूळ घर असलेल्या न्यूयॉर्कवाल्यांनी दक्षिणेकडच्या रॅपरना बराच काळ खिजगणतीत धरलं नव्हतं. न्यूयॉर्कचा नामांकित रॅपर जे-झी याच्याबरोबरच्या गाण्यामुळे २००० साली यूजीके अमेरिकाभर पोचले. मग पिंप सी तुरुंगात गेला, २००५ च्या अखेरीस सुटला, आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये जोडीचा अल्बम थेट बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियता यादीच्या पहिल्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला लॉस एंजेलिसजवळच्या एका हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. वय ३३.

शवविच्छेदनानंतर निष्कर्ष निघाला अपघाती मृत्यूचा. शरीरात कोडीन (अफूच्या कुळातलं औषध) आणि प्रोमेथाझीन असलेलं कफ सिरप सापडलं. टेक्सासमधल्याच ह्यूस्टनच्या रॅपवर्तुळात ते सोड्यात घालून नशेसाठी प्यायची पद्धत होती. तिथल्याच डीजे स्क्रू या संगीतकाराचा २००० साली मृत्यू झाला, त्यातही कोडीन होतं. पिंप सीच्या शरीरातलं प्रमाण वाढलेलं होतं, पण निव्वळ ओव्हरडोस म्हणावा इतकं नव्हतं. त्याला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार होता, आणि तपास अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं ते या दोन्हींच्या जोडीवर.

आपल्याकडे घोरणारा माणूस गाढ झोपलाय असं समजतात. अ‍ॅप्नियात नेमकं उलटं असतं. झोपेत जीभ आणि टाळूमागचे स्नायू सैल पडतात, घसा मिटतो, छाती वरखाली होत राहते पण हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ असं झालं की डॉक्टर तो एक झटका मोजतात. आजार तीव्र असेल तर तासाला तीस किंवा त्याहून अधिक. मग माणूस रोज सकाळी उठतो कसा? रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन घटतो, मेंदूच्या बुडाशी असलेल्या श्वसनकेंद्राला ते कळतं आणि ते झोपेला क्षणभर धक्का देतं. स्नायू ताठरतात, मोठ्ठा आवाज होऊन घसा उघडतो. माणसाला याची आठवणही राहत नाही.

कोडीन घाव घालतं ते नेमकं या जागरणावर. यकृतातलं एक एन्झाइम कोडीनच्या थोड्या भागाचं मॉर्फीन करतं, आणि मॉर्फीनमुळे श्वसनकेंद्र वाढत्या कार्बन डायऑक्साइडकडे काणाडोळा करू लागतं. प्रोमेथाझीन अ‍ॅलर्जीवरचं औषध, पण सणसणीत गुंगी आणणारं. घसा मिटलेला, आणि उठवणाराच पेंगलेला.

हे एन्झाइमही सगळ्यांत सारखं नसतं. काहींच्या अंगात त्याच्या जनुकाच्या जादा प्रती असतात आणि नेहमीच्याच मात्रेतून भराभर मॉर्फीन तयार होतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी कोडीन दिलेली काही मुलं अमेरिकेत दगावली, तेव्हा त्यांतल्या अनेकांची शस्त्रक्रिया मुळात अ‍ॅप्नियासाठीच झाली होती. २०१३ साली तिथल्या औषध प्रशासनाने मुलांना अशा शस्त्रक्रियेनंतर कोडीन द्यायला मनाई केली. २०१७ साली बारा वर्षांखालच्या मुलांसाठी वेदना आणि खोकला दोन्हींकरता.

भारतात कोडीन शेड्यूल एच-१ मध्ये येतं: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. खोकल्यासाठी कोणी ही बाटली लिहून देत असेल आणि घरातले तुमच्या घोरण्याला वैतागलेले असतील, तर ते घोरणं डॉक्टरांच्या कानावर त्याच वेळी घालायला हवं. मुद्दाम विचारलं जाईलच असं नाही.