वह्निगृहांची वाट : ख्मेर मंदिरं, गावं आणि संथ प्रवासाची पार्श्वभूमी

कंबोडियातल्या सीएम रीप शहराजवळच्या प्रीह खान मंदिरात ११९१ सालचा एक संस्कृत शिलालेख सापडला. त्यात राजा जयवर्मन सातवा याच्या राज्यातल्या १२१ वह्निगृहांची नोंद आहे. वह्निगृह म्हणजे जिथे वाटसरूसाठी विस्तव तयार असतो ते घर. आपण त्याला धर्मशाळा म्हणू, आणि फ्रेंच अभ्यासकांनीही नेमका हाच शब्द उचलला. चम्पा देशाच्या (आजच्या व्हिएतनाममधल्या) राजधानीकडे जाणाऱ्या वाटेवर ५७, आज थायलंडमध्ये असलेल्या फिमाईच्या वाटेवर १७, नगरांना जोडणाऱ्या एका फेरवाटेवर ४४ आणि उरलेली तुरळक. फिमाईचा रस्ता साधारण अडीचशे किलोमीटरचा, म्हणजे दोन वह्निगृहांमध्ये जेमतेम पंधरा किलोमीटर. बैलगाडीबरोबर चालणाऱ्या माणसाचा एक दिवस तेवढाच.

कंबोडियात दहा-बारा जणांच्या गटानं, आठ-दहा दिवस काढून, मंदिरं बघत आणि गावात मुक्काम करत फिरण्याची पद्धत गेल्या वीस वर्षांत रुजली. 'स्लो टुरिझम'ची ही नवी टूम आहे, असं तिच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. त्या देशाचे रस्तेच मुळात मुक्कामांच्या हिशेबानं आखलेले होते. नवी आहे ती घाई, आणि तिचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे.

आधी जुन्या रस्त्यांबद्दल. इ. स. ८०२ मध्ये जयवर्मन दुसरा यानं कुलेन डोंगरावर, म्हणजे त्या वेळच्या महेंद्रपर्वतावर, स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतलं. ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या लोकांच्या, साम्राज्याची सुरुवात इथून मानतात. पुढच्या चार शतकांत राजधान्या हलल्या, राजे कधी शैव, कधी वैष्णव, कधी बौद्ध झाले, पण मंदिर उभारण्याची रीत फारशी बदलली नाही. मंदिर एकटं कधीच नसे. त्याच्याबरोबर तलाव येई, तलावाबरोबर भातशेती आणि शेतीबरोबर गावं. ता प्रोम मंदिराच्या ११८६ सालच्या शिलालेखातले आकडे बघा : मंदिराच्या सेवेला ३,१४० गावं लावून दिलेली आणि ७९,३६५ माणसं. त्यांत ६१५ नर्तकी. तांदूळ, तूप, मध, मेण किती यायचं, त्याचाही हिशेब तिथे कोरलेला आहे. राज्यात १०२ आरोग्यशाळा होत्या, ही नोंदही याच लेखातली.

पर्यटक ता प्रोमला जातो तो भिंतींना विळखा घातलेल्या झाडांच्या मुळांचे फोटो काढायला. त्याला दोष नाही, मुळं आहेतच तशी. पण ज्या तीन हजार गावांनी ही भिंत पोसली, ती गावं फोटोत येत नाहीत. मंदिर आणि गाव अशी दोन वेगळी 'आकर्षणं' ख्मेर मुलुखात कधी नव्हतीच, एवढंच मला या नोंदीत सांगायचं आहे.

ख्मेर राजधानी अंगकोरमधल्या बायोन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर हे उघड दिसतं. वर सैन्य चाललंय, हत्ती आहेत, चम्पाच्या आरमाराशी लढाई जुंपलीय. पण खालच्या पट्टीकडे वळलं की बाजार भरलेला. बाई तराजू धरून बसलीय, दोन माणसं कोंबडे झुंजवतायत, कुणी भांड्यात रानडुक्कर सोडतंय, एक बाई बाळंत होतेय, बैलगाडी चाललीय. या शिल्पातली बैलगाडी आणि गावात अजून अधूनमधून दिसणारी गाडी यांच्या घडणीत आठशे वर्षांत फारसा फरक पडलेला नाही. मार्गदर्शक लढाईवर वीस मिनिटं बोलतात आणि बाजारावर दोन. मी एकदा त्या पट्टीसमोर तासभर बसलो. तेवढ्या वेळात तीन मोठे गट आले आणि गेले.

१२९६-९७ मध्ये झोउ दागुआन हा चिनी दूतमंडळातला माणूस जवळपास वर्षभर अंगकोरात राहिला. व्यापार बायकांच्या हातात आहे, बाजार पहाटे भरतो आणि दुपारी उठतो, मोठ्या रस्त्यांवर विसाव्याच्या जागा आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. गावात किंवा मठाच्या आवारात, चार खांबांवर छप्पर टाकलेली, चारी बाजूंनी मोकळी जागा आजही असते. तिला 'साला' म्हणतात, आपला 'शाला'. मंदिराला 'प्रासात' म्हणतात, आपला 'प्रासाद'. 'अंगकोर' म्हणजे 'नगर' आणि गाव म्हणजे 'फूम', 'भूमि'वरून आलेला. मराठी माणसाला हे शब्द कळायला दुभाषा लागत नाही, फक्त कोणी थांबून सांगायला हवं.

पंधराव्या शतकात राजधानी दक्षिणेला, आजची राजधानी असलेल्या फ्नोम पेन्हच्या बाजूला सरकली. त्यानंतर अंगकोर जंगलात हरवलं आणि १८६० मध्ये आंरी मुओ या फ्रेंच प्रवाशानं ते शोधून काढलं, ही गोष्ट अजून फिरते. ती खरी नाही. अंगकोर वाट हे तिथलं मोठं मंदिर तोवर बौद्ध विहार झालं होतं, तिथे भिक्खू राहत होते आणि यात्रेकरू येत होते. १६३२ मध्ये आलेल्या एका जपानी यात्रेकरूनं आपण इथे बुद्धमूर्ती अर्पण केल्याचं खांबावर शाईनं लिहून ठेवलंय. मुओचं श्रेय एवढंच की त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या रोजनिशीमुळे युरोपला हे ठिकाण माहीत झालं.

१९०७ च्या तहानं सयामनं, म्हणजे आजच्या थायलंडनं, हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यातल्या कंबोडियाला परत दिला आणि पुढच्याच वर्षी अंगकोरच्या जतनाचं कार्यालय उभं राहिलं. झाडी तोडली, दगड मांडले, पडझड सावरली. १९३० च्या दशकात आंरी मार्शाल यानं जावा बेटावर डच लोकांकडून शिकलेली पद्धत वापरून बांतेय स्रेई दगडन् दगड सुटा करून पुन्हा उभं केलं. दहाव्या शतकातलं, गुलाबी वालुकाश्माचं हे छोटं शिवालय आज ताठ उभं आहे ते त्यामुळे. हे काम मोठं होतं, त्याबद्दल मनात आदरच आहे.

पण त्याच काळात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा परिणाम आजवर टिकून आहे. अंगकोर वाटच्या दर्शनी भागासमोरच्या भिक्खूंच्या झोपड्या हलवल्या, कारण मंदिर समोरून 'मोकळं' दिसायला हवं होतं. आणि मोटारीनं फिरता यावं म्हणून दोन फेऱ्या आखल्या. छोटी सतरा किलोमीटरची, मोठी सव्वीसची. १९२५ मध्ये अंगकोर संरक्षित उद्यान झालं. आजचा टुकटुकवाला तुम्हाला 'स्मॉल सर्किट की बिग सर्किट?' असं विचारतो, तेव्हा तो त्याच मोटारफेऱ्यांबद्दल विचारत असतो. पंधरा किलोमीटरचा दिवस संपून सतरा किलोमीटरची सकाळ सुरू झाली ती इथे. त्या फेरीत मंदिरं आली, गावं रस्त्याकडेला पडली.

नंतर फिरणंच बंद पडलं. १९७० पासून युद्ध, १९७५ ते १९७९ ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट. शहरं रिकामी केली, विहार बंद पाडले, पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीनं, आजारानं आणि हत्यांमध्ये गेली. त्यानंतरही थायलंडच्या सीमेवर वीस वर्षं लढाई धुमसत राहिली आणि शेतांत, पायवाटांवर, मंदिरांच्या आवारात सुरुंग पेरले गेले. या काळातला एक धागा आपल्याकडे येतो. भारतानं १९८० मध्ये फ्नोम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली, जी बहुतेक देशांनी दिली नव्हती. त्यामुळे १९८६ ते १९९३ या वर्षांत अंगकोर वाटच्या डागडुजीचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आलं. दगड रसायनांनी धुतल्याबद्दल आणि सिमेंट वापरल्याबद्दल पुढे टीकाही झाली. पण जिथे जायला कोणी तयार नव्हतं, तिथे ही माणसं दर वर्षी जात होती, हेही लक्षात ठेवायला हवं. ता प्रोममध्ये पुढे बरीच वर्षं भारतीय पथकच काम करत होतं.

१९९२ मध्ये अंगकोर जागतिक वारसा यादीत आलं, ते थेट धोक्यातल्या वारशाच्या यादीसकट. तो शिक्का २००४ मध्ये निघाला. १९९५ मध्ये परिसराच्या देखभालीसाठी अप्सरा प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षीच्या जानेवारीत बांतेय स्रेईच्या वाटेवर सशस्त्र हल्ल्यात एक परदेशी पर्यटक मारला गेला. आज ज्या रस्त्यावरून आपण शहाळं पीत जातो, तो रस्ता तेव्हा तसा होता. १९९८-९९ मध्ये वायव्येकडच्या बांतेय छ्मार मंदिराच्या भिंतीवरून अनेक हातांच्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची शिल्पं यंत्रांनी कापून ट्रकमधून नेली. दोन पट्ट थायलंडमध्ये पकडले गेले म्हणून परत आले. गावातल्या मुक्कामांची सुरुवात इतकी उशिरा का झाली, याचं उत्तर यात आहे. सुरुंग निघाल्याशिवाय गावातून चालता येत नाही. कोह केर आणि बांतेय छ्मारसारख्या ठिकाणी निर्धास्तपणे जाता येऊ लागलं ते या शतकात.

दरम्यान सीएम रीपला विमानं उतरू लागली होती. २०१८ मध्ये अंगकोरचं तिकीट काढणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा आकडा पंचवीस लाखांवर गेला. आदल्या वर्षी एका दिवसाचं तिकीट वीस डॉलरवरून सदतीस झालं, तीन दिवसांचं बासष्ट आणि आठवड्याचं बहात्तर. या दरांत एक चांगली गोष्ट दडलेली आहे : आठवडाभर राहणाऱ्याला दिवस फार स्वस्त पडतो. पण आपल्याकडचे बहुतेक गट व्हिएतनामला जोडून कंबोडिया करतात. दोन रात्री, पहाटे तळ्याकाठी सूर्योदय, मग बायोन, ता प्रोम, संध्याकाळी अप्सरा नृत्यासह जेवण, की लगेच बॅगा भरायच्या.

दुसरी वाट गावांनीच तयार केली. काम्पोंग स्पू प्रांतातल्या चाम्बोक गावानं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच जंगल राखून पाहुणे घ्यायला सुरुवात केली. बांतेय छ्मारमध्ये २००७ च्या सुमाराला गावकऱ्यांची समिती झाली. तिथली पद्धत साधी आहे. पाहुणे घरांत आळीपाळीनं वाटले जातात, म्हणजे एकाच घराची चांदी होत नाही. जेवण, वाटाड्या, बैलगाडी यांचे दर ठरलेले असतात आणि कमाईतला वाटा गावनिधीत जातो. घर लाकडाचं, खांबांवर उभं. वर निजायची जागा, खाली झोळी, सायकल, कोंबड्या आणि दिवसभराचा संसार. गट लहान हवा तो या हिशेबानं. चाळीस जणांची बस आली तर आळीपाळी मोडते आणि समितीला बाहेरून जेवण मागवावं लागतं.

सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. अंगकोर उद्यानाच्या चारशे चौरस किलोमीटरमध्ये ११२ गावं आहेत आणि लाखावर माणसं राहतात. वारशाच्या नियमांमुळे त्यांना नवं घर बांधता येत नाही. २०२२ पासून सुमारे दहा हजार कुटुंबांना रुन ता एक इथल्या नव्या वसाहतीत हलवायला सुरुवात झाली. लोक राजीखुशीनं गेले, असं सरकार म्हणतं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०२३ मध्ये याला सक्तीचं विस्थापन म्हटलं. शंभर वर्षांपूर्वी समोरच्या झोपड्या हलवल्या, त्याचीच ही पुढची पायरी आहे असं मला वाटतं, आणि मंदिर बघायला जाणाऱ्या प्रत्येकानं हे माहीत करून घेऊनच तिकीट काढावं. उत्तर सीमेवर, प्रीह विहार मंदिराच्या बाजूला, २०२५ मध्ये थायलंडशी पुन्हा लढाई झाली. तिकडचा बेत करताना ताजी परिस्थिती बघावीच लागते.

संथ फिरायचं तर गावाचं पंचांग धरून फिरावं. भाद्रपदाच्या वद्य पंधरवड्यात तिथे 'फ्चुम बेन' असतो. त्यातला 'बेन' म्हणजे 'पिंड'च. आपला पितृपंधरवडा चालू असतो साधारण त्याच सुमाराला तिथली माणसं पहाटे अंधारात विहाराभोवती फिरून पितरांसाठी चिकट भाताचे गोळे टाकतात. त्या दिवसांत पाऊस असतो, तोनले साप सरोवराचं पाणी पसरलेलं असतं आणि त्याच्या काठच्या काम्पोंग ख्लेआंग गावाची उंच खांबांवरची घरं पाण्याला टेकलेली दिसतात. उन्हाळ्यात तेच खांब कोरड्या जमिनीतून दोन-तीन मजले वर उभे असतात.

कोरड्या दिवसांत ताडाचा हंगाम. बांतेय स्रेईच्या वाटेवर प्रीह दाक गाव लागतं. गट घाईत असेल तर बस इथे दहा मिनिटं थांबते, ताडगुळाच्या चकत्यांची पुडी घेते आणि निघते. आम्ही पहाटेच गेलो होतो. ताडाच्या खोडाला अख्खा बांबू बांधलेला, पेरांजवळच्या फांद्या थोड्या राखून तोडलेल्या, तीच शिडी. कमरेला बांबूच्या नळ्या अडकवून माणूस वर चढला, रात्रभर रस ठिबकून भरलेल्या नळ्या काढल्या, तुऱ्याचं टोक कोयत्यानं पातळ कापलं आणि रिकाम्या नळ्या लावल्या. खाली त्याच्या बायकोनं तोवर मातीची चूल पेटवली होती. रस कढईत ओतला. उकळी फुटली, फेस आला, मग रंग गडद होत गेला. कढई उतरवल्यावर तिनं लाकडी रवीनं घोटायला घेतलं आणि आमच्यातल्या साताऱ्याकडच्या एका काकूंनी न विचारता दुसऱ्या बाजूनं कढईचा कान धरला. गुऱ्हाळाच्या गावातल्या बाईला घोटणं कधी थांबवायचं हे कळतं. दोघींनी एकाच वेळी मान हलवली, आणि गूळ ताडपानाच्या कड्यांमध्ये ओतला गेला.