दिसायला सारखे, कुळाने वेगळे: समान लिहिल्या जाणाऱ्या शब्दांची पार्श्वभूमी

उर्दू वाचणाऱ्या नाशिककराला आपल्या शहराचे नाव नून, अलिफ, सीन आणि काफ या चार अक्षरांत लिहिलेले दिसते. हीच अक्षरे याच क्रमाने अरबीत आली, तर अर्थ होतो उपासनेत आयुष्य घालवणारा तपस्वी. हा अरबी शब्द 'न-स-क' या धातूपासून बनला असून हज यात्रेतील विधींना वापरला जाणारा 'मनासिक' हा शब्दही त्याच धातूचा आहे. तीर्थक्षेत्राचे नाव आणि तपस्व्याचा शब्द असा मेळ पाहून दोहोंत नाते शोधण्याचा मोह होतो, परंतु तसे नाते नाही. इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतके, पांडवलेण्यांतील प्राकृत शिलालेखांत 'नासिक' हे नाव कोरले गेले होते आणि मुघल काळात शहराला गुलशनाबाद म्हटले जात असतानाही ते लोकांच्या तोंडून गेले नाही. ते शूर्पणखेच्या नासिकेवरून आले की नऊ शिखरांवरून, हा वाद निराळा. दोन्ही व्युत्पत्ती इथल्याच भाषांतील आहेत.

असे योगायोग डोळ्यांना दिसायला दोन्ही भाषांची लिपी एक असावी लागते, म्हणून त्यांचा इतिहास पुष्कळसा लिप्यांच्या प्रसाराचाच इतिहास आहे. रोमन लिपीतील 'ओ' आणि 'एन' ही अक्षरे जोडली की इंग्रजीत 'वर', फिनिशमध्ये 'आहे' आणि तुर्कीत 'दहा' असा अर्थ होतो. यांपैकी तुर्की शब्द अतिशय जुना असला, तरी 1928 मध्ये तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारेपर्यंत हे साम्य कुणाला दिसण्याचे कारणच नव्हते. इंग्रजीत हवेसाठी असलेली तीन अक्षरे इंडोनेशियन भाषेत पाण्यासाठी आहेत. देवनागरीतही हे घडते: मराठीतील 'जा' ही संस्कृत 'या' धातूपासून आलेली आज्ञा आहे, तर काठमांडू खोऱ्यातील नेवार भाषेत 'जा' म्हणजे शिजवलेला भात. नेवार ही तिबेटी-बर्मी कुळातील भाषा असून पूर्वी ती स्वतःच्या निराळ्या लिप्यांत लिहिली जात असे.

लेखनाचे नियम बदलल्यानेही वेगळ्या मुळांचे शब्द एकरूप होतात, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठीतच आहे. जुन्या लेखनात 'नामन्' पासून आलेला शब्द अनुस्वारासह 'नांव' असा, आणि 'नौ' पासून आलेला होडीचा शब्द 'नाव' असा लिहीत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द एकसारखे झाले. लेखन सुटसुटीत झाले हे खरे, पण शब्दाच्या कुळाची एक खूण पुसली गेली, याची हळहळ वाटते. पोर्तुगिजांकडून आलेला खाण्याचा 'पाव' आणि संस्कृत 'पाद' पासून आलेला चौथा हिस्सा 'पाव' यांना वेगळे ठेवणारी खूण मात्र कधीच नव्हती.

मग खरे नाते ओळखायचे कसे? 2 फेब्रुवारी 1786 रोजी कोलकात्यात इंग्रज न्यायाधीश व संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असल्याचे मत मांडले, तेव्हा त्यांचा भर धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर होता. पुढे एकोणिसाव्या शतकात ध्वनींचे नियमित बदल ही कसोटी ठरली. या कसोटीमुळेच ऑस्ट्रेलियातील म्बाबराम भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणतात, हा निव्वळ योगायोग ठरतो, कारण तो शब्द शेजारच्या भाषांतील 'गुडगा' सारख्या रूपापासून नियमाने झिजत आलेला आहे. कन्नडमधील 'अप्पा' आणि कोरियनमधील वडिलांसाठीचा जवळजवळ तसाच शब्द यांचे कारण आणखी वेगळे आहे. बाळाच्या तोंडून आधी निघणाऱ्या ध्वनींनाच आईवडील आपली नावे मानतात, असे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी दाखवले. जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे वडील.

याउलट आपले 'चाक' आणि इंग्रजी 'व्हील' यांत एकही ध्वनी समान ऐकू येत नाही, तरी ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. संस्कृतात जिथे 'क' किंवा विशिष्ट स्वरांपूर्वी 'च' आला, तिथे जुन्या इंग्रजीत 'ह्व' येतो, आणि 'कोण' या अर्थाच्या संस्कृत व इंग्रजी शब्दांतही हाच नियम दिसतो.