धातू कापण्याची पट्टी-करवत (घरगुती)

कडे करून जोडलेले दातेरी पाते दोन चाकांवरून एकाच दिशेने फिरवून धातूचे गज, नळ्या, अँगल कापणारे यंत्र. वर्कशॉपमध्ये हिला सर्रास ‘बँडसॉ’ म्हणतात. पॉवर हॅक्सॉ (मोटरवर चालणारी सरळ पात्याची करवत) पुढे-मागे होते आणि तिची परतीची फेरी फुकट जाते. पट्टी-करवत अखंड कापते. घासून कापणाऱ्या चकतीच्या कटरपुढे ती संथ आहे, पण ठिणग्या उडत नाहीत, कापलेली कड तापून कडक होत नाही आणि रविवारी दुपारी शेजारी दारात येऊन उभे राहत नाहीत.

या करवतीची कल्पना इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम न्यूबेरी यांनी मांडली. पात्याची टोके टिकाऊ जोडता येईनात, म्हणून ती काही दशके रखडली. १८४६ मध्ये फ्रान्समधील क्रेपँ या महिलेने जोडणीची पद्धत शोधल्यावर गाडे पुढे सरकले. पात्याचा कच्चा दुवा आजही तो जोडच आहे.

घरगुती वर्कशॉपमध्ये सर्वाधिक आढळते ती ‘चार बाय सहा’, म्हणजे सुमारे चार इंच उंच व सहा इंच रुंद माल कापणारी आडवी-उभी करवत. तैवान आणि चीनमध्ये बनणारा हा एकच साचा निरनिराळ्या रंगांत व नावांनी विकला जातो. त्यामुळे नावापेक्षा नग पाहून घ्यावा. करवतीचा हात, म्हणजे चाके व पाते धरणारी चौकट, आडवा असताना तो स्वतःच्या वजनाने खाली येतो, स्प्रिंग ते वजन तोलते आणि काप पुरा झाला की स्विच आपोआप बंद होतो. हात उभा करून छोटे टेबल बसवले की माल हाताने सरकवून आकार कापता येतात. ते टेबल मात्र लेचेपेचेच असते, आणि सोबतचा पत्र्याचा स्टँडही.

खरेदी करताना करवतीचा हात उचलून आडवा हलवून पाहावा. बिजागरीत ढिलाई असेल तर पुढची सगळी जुळवणी व्यर्थ. गिअरपेटीचे झाकण उघडून वर्म गिअरचे (मळसूत्री दांड्याने फिरणाऱ्या दातेरी चाकाचे) दाते झिजले आहेत का ते तपासावे. अमेरिकेतून यंत्र आणणाऱ्यांनी व्होल्टेजइतकेच वारंवारतेकडेही लक्ष द्यावे. तिकडच्या ६० हर्ट्झवर पात्याचे वेग मिनिटाला सुमारे ८०, १२० व २०० फूट असतात. तीच मोटर ट्रान्सफॉर्मर लावून आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर चालवली तर ते सहाव्या हिश्शाने घटतात. सर्वांत कमी वेग स्टेनलेस व टूल स्टीलसाठी, मधला साध्या लोखंडासाठी, वरचा ॲल्युमिनियमसाठी.

नवी करवत खोक्यातून काढली की काटकोनात कापेलच असे नाही. जुळवणीचा क्रम महत्त्वाचा. आधी पात्याचा ताण. मग वरच्या चाकाचा कल असा ठेवायचा, की पात्याची पाठ चाकाच्या काठाजवळून धावेल पण त्यावर घासणार नाही. त्यानंतरच गाइड बेअरिंगना (पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या बेअरिंगना) हात लावावा. तिरक्या चाकांवरून आलेल्या पात्याला पीळ देऊन उभे करण्याचे काम ही बेअरिंग करतात. विकेंद्री बुश (भोक मध्यापासून सरकलेली नळी) फिरवून ती पात्याला टेकवायची, चिमटायची नाही. गाइड मालाच्या जितके जवळ, तितका काप सरळ. शेवटी गुण्या लावून पाते तळाशी आणि व्हाइसचा (माल पकडणाऱ्या शिकंजाचा) स्थिर जबडा पात्याशी काटकोनात आणावा.

परीक्षेसाठी जाड गजाची चकती कापतात. यात एक गंमत आहे: गज न फिरवता दोन काप घेतले तर दोन्ही बाजू सारख्याच तिरक्या येतात, जाडी सगळीकडे एकच भरते आणि करवत निर्दोष वाटते. पहिल्या कापानंतर गज अर्धा वळसा फिरवावा. आता चूक दुप्पट होऊन कॅलिपरवर (जाडी मोजण्याच्या साधनावर) दिसते. वर-खाली जाडीत १ मिमी फरक आला, तर खरी चूक अर्धा मिमी.

या यंत्राचे पाते सुमारे १६३८ मिमी लांब, १३ मिमी रुंद व ०.६४ मिमी जाड असते. जाड पाते अधिक टिकेल असे वाटते, पण लहान चाकांवरून वाकून ते लवकर तडकते. आपल्याकडे रोलमधून मापाने तोडून, वेल्ड करून पाती मिळतात. कार्बन स्टीलपेक्षा द्विधातू पाते महाग असले तरी तेच घ्यावे. मालात एका वेळी किमान तीन दाते असावेत, म्हणून पातळ नळीला बारीक, भरीव गजाला मोठे दाते. अँगल दोन्ही पाय खाली टेकवून, छपरासारखा ठेवतात. अगदी आखूड तुकडा व्हाइसच्या एका टोकाला धरताना दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा ठोकळा द्यावा, नाहीतर जबडा तिरपा होतो.

दाब बरोबर आहे का, हे बुऱ्यावरून कळते: पीठ पडले तर दाब कमी, निळसर जाड तुकडे पडले तर जास्त, सुटे कुरळे किस पडले तर ठीक. नवे पाते पहिले काही काप निम्म्या दाबाने चालवावे. गुंडाळलेले पाते सोडताना हातमोजे हवेतच, कारण ते स्प्रिंगसारखे उसळते; करवत सुरू करण्यापूर्वी मात्र ते काढून ठेवावेत.