सेवा संपली, पहारा संपला नाही

माजी सैनिकाला झोप येत नाही म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थेट इराक-अफगाणिस्तान उभं राहतं. अमेरिकेतल्या माजी महिला सैनिकांबद्दल वाचताना हे चित्र बाजूला ठेवावं लागतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यातल्या साधारण तिघींपैकी एकीने आयुष्यात कधी ना कधी नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. सैन्यात न गेलेल्या महिलांमध्ये हेच प्रमाण चौघींत एकीपेक्षा थोडं कमी होतं. 1980-90च्या दशकांत भरती झालेल्या बायका आता पन्नाशी-साठीत आहेत. जोडीदार सुटून कित्येक वर्षं झाली, तरी काहींना रात्री तीनला टक्क जाग येते.

याचं उत्तर शोधताना मेंदूच्या देठात डोकवावं लागतं. तिथे लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा इवलासा निळसर ठिपका दोन्ही बाजूंना असतो. पेशी मोजक्या, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन सोडून मेंदूला सावध ठेवणं हे त्यांचं काम. हा आपला रात्रपाळीचा पहारेकरी. जागेपणी तो सतत कामावर असतो, झोपेत सुस्तावतो आणि स्वप्नांच्या, म्हणजे रेम झोपेत जवळपास गप्प होतो.

खरी गंमत रेमखेरीजच्या साध्या झोपेत आहे. तिथेही तो पुरता झोपत नाही. उंदरांच्या मेंदूत नॉरॲड्रेनॅलिनची पातळी दर अर्ध्या-एक मिनिटाने हळूच चढते आणि उतरते. उतरणीवर ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखात, स्पिंडल नावाच्या लहरींचे झुबके उमटतात. त्या वेळी बाहेरच्या आवाजाने सहसा जाग येत नाही. चढणीवर स्पिंडल विरळ होतात, कानोसा घेतला जातो, कधी काही सेकंदांची जागही येते, जी सकाळी आठवत नाही. माणसाच्या ईईजीतही स्पिंडलची सुमारे 50 सेकंदांची लय सापडते. उंदराला झोपेआधी ताण दिला की निळ्या ठिपक्याची धडपड वाढते, झोपेचे तुकडे पडतात आणि रेम झोप सुरू व्हायला उशीर होतो. आता ज्या बाईला वर्षानुवर्षं जिन्यावरच्या पावलांवरून ‘आज पिऊन आलाय का’ हे ओळखावं लागलं, तिचा मेंदू ही कानोशाची पातळी वर ठेवायला शिकला असेल, तर नवल कसलं? बायकांमध्ये हे थेट मोजणं अवघड आहे, म्हणून याला सध्या सयुक्तिक तर्क म्हणू.

त्यात चाळिशी-पन्नाशीत रजोनिवृत्तीची भर. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूचं तापमान-नियंत्रण हळवं होतं; अंगातून वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो. नॉरॲड्रेनॅलिन दाबणाऱ्या क्लोनिडीनने या वाफा थोड्या कमी होतात, म्हणजे धागा इथेही पोचतो. 2019 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या 40 ते 80 वयाच्या 2,016 महिलांचा (या सगळ्या काही सैनिक नव्हत्या) अभ्यास छापून आला. त्यात 21 टक्के महिलांनी जोडीदाराकडून मानसिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात झोपेच्या व रात्रीच्या घामाच्या तक्रारी जास्त होत्या. छळ फक्त मारहाणीचाच नसतो, हे ‘मारलं तर नाही ना?’ विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अर्थात असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही.

मग नॉरॲड्रेनॅलिनलाच औषधाने आवर घालावा की! प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने माजी सैनिकांची दुःस्वप्नं कमी होतात असं छोट्या चाचण्यांत दिसलं आणि गाजावाजा झाला. 2018 साली 304 माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. दुःस्वप्नं पळवायला उशाखाली ठेवलेला अडकित्ता आणि मनगटावरच्या घड्याळाचा ‘स्लीप स्कोअर’ यांच्याकडून तर आणखी कमी अपेक्षा ठेवाव्यात.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने 2016 पासून एक वर्तन-उपचारपद्धती सुचवली आहे. तिचा एक नियम असा, की झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत बसा. जिच्यावर अत्याचार त्याच पलंगावर झाले, तिच्यासाठी पलंगाची जागा बदलणं, दाराला कडी आहे ना हे पाहणं, इथूनही सुरुवात करता येते. आणि तो माणूस अजून त्याच घरात असेल, तर तिचं सावध झोपणं हा आजार नाही. तिथे आधी सुरक्षित निवारा लागतो, झोपेचा उपचार नंतर.