त्सुंदेरे

त्सुंदेरे : ज्याच्यावर जीव जडला आहे त्याच्याशीच फटकून वागणारे आणि मधूनच विरघळणारे कथेतले पात्र. जपानी ॲनिमे (चलचित्रमालिका), मांगा (चित्रकथा) आणि संगणकीय खेळांतून रूढ झालेली ही संज्ञा दोन शब्दांच्या जोडातून बनली आहे. ‘त्सुनत्सुन’ म्हणजे नाक मुरडून, तुसडेपणाने मान फिरवणे. ‘देरेदेरे’ म्हणजे लाडात येणे, प्रेमाने पाघळणे. मराठीतल्या ‘धुसफूस’ किंवा ‘लाडेलाडे’ या शब्दांसारखे हे दोन्ही शब्द अर्थ सांगण्याआधी आवाजातूनच वागण्याची तऱ्हा दाखवतात. नागपुरातल्या कॉलेजांतली जी मुलंमुली या मालिका उपशीर्षके वाचत पाहतात, त्यांच्या बोलण्यात हा शब्द भाषांतर न होता जसाच्या तसा येतो: ‘ती ना, पक्की त्सुंदेरे आहे.’

शब्द जुना नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानी रसिकांच्या आपसातल्या चर्चांमध्ये तो वापरात आला. २००१ सालच्या ‘किमी गा नोझोमु एइएन’ या संवादप्रधान खेळातल्या आयू दाइकूजी या तिरसट वेट्रेसचा उल्लेख या संज्ञेच्या जन्मकथेत हटकून होतो. सुरुवातीला अर्थ एकरेषीय होता: आधी दीर्घ काळ थंड, तुटक वागणारी व्यक्ती कथेच्या ओघात हळूहळू मऊ होत जाते. पुढे तो बदलला. आता त्सुंदेरे म्हटले की एकाच प्रसंगात, कधी एकाच वाक्यात, तडकणे आणि ओलावणे यांची अदलाबदल अपेक्षित असते. पहिल्या अर्थात माणूस बदलतो. दुसऱ्यात माणूस तोच राहतो, फक्त झाकण सारखे उघडते आणि मिटते. समीक्षेत या दोन अर्थांची गल्लत नेहमी होते आणि त्यामुळे बरेच वाद विनाकारण लांबतात.

या पात्राचे एक वाक्य ठरलेले आहे. जपानीत ते साधारण ‘बे, बेत्सुनि आन्ता नो तामे जा नाई’ असे सुरू होते, म्हणजे ‘हे काही मी तुझ्यासाठी केलेलं नाही’. पहिले अक्षर अडखळते, गाल लाल होतात, नजर भलतीकडे वळते. याचे नागपुरी रूप शोधायला लांब जावे लागत नाही. थंडीचे दिवस आहेत, सकाळच्या लेक्चरआधी कॉलेजच्या पायऱ्यांवर एक मुलगी मित्रासमोर डबा आपटते. आत सांबारवड्या, कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात आणि थंडीत घरोघरी या वड्या होतात. ‘आईनं जास्त केल्या होत्या म्हणून आणल्या. तुह्यासाठी नाई, समजलं न? काहून हसून राहिला बे?’ एवढे बोलून ती पाठ फिरवते. पण वड्यांशेजारी एक छोटी डबी आहे आणि तिच्यातली कढी बिनतिखट आहे. नागपूरच्या घरात बिनतिखट कढी आपोआप होत नसते. त्या मुलाला तिखट सोसत नाही हे लक्षात ठेवून कुणीतरी ती वेगळी काढलेली असते.

या पात्राची सगळी रचना त्या डबीत आहे. त्सुन शब्दांत असतो, देरे वस्तूत किंवा कृतीत. शब्द एक सांगतात, हात दुसरेच करून जातात आणि वाचक हातांवर विश्वास ठेवतो. जपानी समाजाविषयी लिहिताना ‘होन्ने’ म्हणजे मनातले खरे आणि ‘तातेमाए’ म्हणजे लोकांसमोर धरलेला मुखवटा, अशी जोडी नेहमी सांगतात. रोजच्या व्यवहारात मुखवटा गोड असतो आणि आतली नाराजी लपवली जाते. त्सुंदेरेत ही व्यवस्था उलटी होते: मुखवटा रागीट, आतला भाव कोवळा. शिष्टाचाराला फार जपणाऱ्या समाजात असे पात्र इतके लाडके का झाले, याचे एक उत्तर मला या उलटापालटीत दिसते.

सर्वांत पूर्ण उदाहरण ‘तोरादोरा’ या कादंबरीमालेतल्या आइसाका ताइगाचे. ही माला २००६ ते २००९ या काळात आली आणि तिच्यावरचे ॲनिमे २००८ मध्ये सुरू झाले. ताइगा चणीने लहान, रागाने मोठी. ‘टायगर’ या शब्दाचा जपानी उच्चार ‘ताइगा’ असल्याने शाळेत तिला ‘तळहातावर मावणारी वाघीण’ असे नाव पडले आहे. वाघांची राजधानी म्हणवणाऱ्या नागपुरात ती लवकर आपलीशी वाटली तर त्यात नवल नाही. प्रेमपत्र चुकून भलत्याच मुलाच्या दप्तरात जाते, म्हणून ती रात्री लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात शिरते. पुढे शेजारीच राहणाऱ्या त्याच मुलाच्या स्वयंपाकघरात रोज जेवते. तिचा संताप एकटेपणातून आला आहे हे कथा घाई न करता उलगडते, म्हणून तिचे मऊ होणे पटते. तिला आवाज देणाऱ्या रिए कुगिमिया यांनी अशा इतक्या भूमिका केल्या की त्यांच्या आवाजाच्या वेडाला रसिकांनी ‘कुगिमिया रोग’ असे प्रेमाने नाव दिले. १९९५ च्या ‘एव्हांगेलियन’ या ॲनिमेमधल्या आसुकालाही मागाहून हा शिक्का लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. आसुकाच्या चिडीखाली लहानपणीची जखम आहे आणि ती मालिकेत भरून येत नाही. देरेचा दिलासा तिच्या वाट्याला फारसा येतच नाही.

संज्ञा जपानी असली तरी प्रेमातला राग आपल्या काव्यशास्त्राने फार बारकाईने पाहिला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात स्त्रियांचे दहा स्वभावज अलंकार सांगितले आहेत, त्यांपैकी तीन इथे थेट लागू पडतात. हवे ते मिळाले तरी गर्वाने त्याची उपेक्षा करणे हा ‘बिब्बोक’. प्रियकराच्या स्पर्शाने मनातून सुखावूनही वरवर त्रासल्यासारखे दाखवणे हा ‘कुट्टमित’. आनंदाच्या भरात हसू, रडू, राग, भीती यांची सरमिसळ होणे हा ‘किलकिंचित’. नायिकांच्या आठ प्रकारांत ‘कलहांतरिता’ आहे: भांडून प्रियकराला घालवून देणारी आणि तो गेल्यावर हळहळणारी. शृंगाराच्या विप्रलंभ म्हणजे विरहाच्या भागात ‘मान’ हा स्वतंत्र विषय आहे. त्याचे प्रणयमान आणि ईर्ष्यामान असे दोन पोटभेदही पाडले आहेत, म्हणजे एक निव्वळ प्रेमातून उठलेला रुसवा आणि दुसरा सवतीमुळे आलेला.

यातला सर्वांत सुंदर दाखला नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर शापाचे वर्ष काढतो, तो रामगिरी म्हणजे रामटेक, असे मत नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्या डोंगरावर यक्ष गेरूसारख्या धातुरंगांनी शिळेवर पत्नीचे चित्र काढतो. ती त्याला आठवते कशी? ‘प्रणयकुपिता’, प्रेमाने रागावलेली. स्वतःला तिच्या पाया पडलेला दाखवायला जातो, तेवढ्यात डोळ्यांत पाणी भरून चित्रच दिसेनासे होते. आणि संदेश खराच आपला आहे हे तिला पटावे म्हणून खूण काय सांगतो? एकदा ती झोपेतून रडत उठली. पुन्हा पुन्हा विचारल्यावर मनातल्या मनात हसत म्हणाली की लबाडा, स्वप्नात तुला दुसरीशी रमताना पाहिलं. विरहात माणसाला गोड बोलणे आठवावे, तर कालिदासाच्या यक्षाला तिचा रुसवा आठवतो. पावसाळ्याच्या तोंडावर रामटेकच्या पायऱ्या चढताना हे दोन श्लोक मनात असले की तो डोंगर निराळाच दिसतो.

तरीही मानिनी, म्हणजे असा मान धरणारी नायिका, आणि त्सुंदेरे एक नव्हेत, आणि हा फरक पुसला तर दोन्हींवर अन्याय होतो. मानिनीचा राग हक्काचा आहे. प्रेम आधीच कबूल झालेले आहे, तो मनवायला येणार याची तिला खात्री आहे आणि त्या खात्रीवरच ती तोंड फिरवते. पारिजाताच्या फुलासाठी रुसलेली सत्यभामा श्रीकृष्णावरचा आपला अधिकार जगाला दाखवत असते. त्सुंदेरेपाशी हा अधिकार नाही. तिने अजून काही कबूल केलेले नाही, समोरच्याला काय वाटते हे तिला ठाऊक नाही आणि नकार आलाच तर तो झेलायची तिची तयारी नाही. म्हणून ती आधीच भिंत बांधते. मानिनीचा राग प्रेमाच्या नंतर येतो, त्सुंदेरेचा प्रेमाच्या कबुलीआधी. पहिलीत मान आहे, दुसरीत भीती. ‘लटका राग’ हा मराठी शब्द त्सुंदेरेला प्रतिशब्द म्हणून सुचवला जातो, पण लटका राग लटका आहे हे दोघांनाही माहीत असते. त्सुंदेरेचा राग तिच्यापुरता अगदी खरा असतो.

पाश्चात्त्य नाटकातले जवळचे नातेवाईक म्हणजे शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधले बिअट्रिस आणि बेनेडिक. दोघेही एकमेकांना टोचून बोलण्यात पटाईत आणि दोघेही प्रेमाला घाबरलेले. मराठी रंगभूमीला मात्र शेक्सपिअरचे दुसरे भांडण जास्त परिचयाचे आहे. वा. बा. केळकरांचे ‘त्राटिका’ हे ‘टेमिंग ऑफ द श्रू’चे रूपांतर शाहूनगरवासी मंडळीने गाजवले. त्यात कजाग नायिकेला बाहेरून वठणीवर आणले जाते. त्सुंदेरेला कुणी वठणीवर आणत नाही, ती आपल्याच ओझ्याने वाकते. या भेदामुळे त्राटिकेला या वर्गात बसवता येत नाही.

हे पात्र भुरळ का घालते, याला मानसशास्त्रात एक आधार सापडतो. १९६५ साली एलियट ॲरन्सन आणि डार्विन लिंडर यांनी मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. आपल्याविषयी कुणीतरी काय बोलते हे त्यांच्या कानावर पडेल अशी योजना होती. सतत चांगले बोलणाऱ्यापेक्षा आधी वाईट आणि मग हळूहळू चांगले बोलू लागणारी व्यक्ती त्यांना जास्त आवडली. कष्टाने मिळवलेले मत आपल्याला अधिक खरे वाटते. त्सुंदेरेच्या जुन्या, एकरेषीय अर्थाला हे चपखल लागू होते. अदलाबदलीच्या नव्या अर्थाचे स्पष्टीकरण वेगळे आहे: बक्षीस कधी मिळेल हे माहीत नसले की माणूस वाट पाहत राहतो. वाचकासाठी ही गंमत आहे. तशा नात्यात प्रत्यक्ष अडकलेल्या माणसासाठी ती दमवणारी असते.

या पात्रप्रकारावरचा मुख्य आक्षेप इथूनच निघतो, आणि तो रास्त आहे. अनेक मालिकांत नायिका नायकाला थोबाडीत मारते, लाथा घालते आणि तो विनोद म्हणून खपवला जातो. मार हा मार असतो, मारणारी मुलगी गोंडस काढली म्हणून तो प्रेमाचा पुरावा होत नाही. दुसरा धोका अधिक गंभीर. ‘तिचं नाही म्हणजे हो’ ही समजूत आपल्या चित्रपटांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसली आहे, तिला इथे नवे खाद्य मिळू शकते. कथेत आपल्याला पात्राचे मन दाखवलेले असते, गाल लाल झालेले रंगवलेले असतात, कढीची डबी उघडून दाखवलेली असते. नागपुरातल्या बर्डीच्या बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीच्या मनात आपण डोकावलेलो नसतो. तिथे नकार म्हणजे नकार.

विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या उत्सवाची कथा हाच विषय दुसऱ्या बाजूने मांडते. सारीपाटात हरल्यावर शंकर रागावून निघून जातात आणि पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्यांना परत आणते. म्हणजे इथे रुसणारा पुरुष आहे. याच गाण्यांत रुसून बसलेल्या सुनेचे एक गाणे आहे. सासरची माणसे एकामागून एक दागिने घेऊन मनवायला येतात, ती प्रत्येकाला परत पाठवते, शेवटी नवरा येतो आणि ती उठते. काही ठिकाणी त्याच्या हातात मंगळसूत्र असते, काही ठिकाणी चाबूक. लहान मुली टिपऱ्या वाजवत हे गातात. मनवणे आणि धाक यांतले अंतर एका शब्दाने किती बदलते, हे त्या पाठभेदाइतके स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पुरुष त्सुंदेरेही पुष्कळ आहेत, विशेषतः मुलींसाठीच्या मांगांत. याच धर्तीवर ‘यांदेरे’ म्हणजे प्रेमाने पछाडून हिंस्र होणारे, ‘कूदेरे’ म्हणजे वरून थंड, निर्विकार आणि ‘दांदेरे’ म्हणजे अबोल, बुजरे असे शब्दही घडले. पण त्यांत त्सुंदेरेचा अंतर्विरोध नाही.

मराठीत या पात्राचे बोलणे आणताना खरी कसोटी लागते. जपानी ‘आन्ता’ हा ‘तू’चा जरा तिरका, सलगीचा प्रकार आहे. आपल्याकडे नेहमी ‘तू’ म्हणणारी मैत्रीण रागावली की उलट आदरावर जाते: ‘या साहेब, बसा. तुम्ही मोठी माणसं.’ कधी ती संपूर्ण नाव घेऊन हाक मारते. पहिल्या अक्षरावर अडखळणे मराठी कानाला खोटे वाटते, कारण लाजलेला मराठी माणूस अडखळत नाही, भरभर बोलतो आणि कारणे देत सुटतो. एक पुरेसे असताना तीन देतो. आईनं जास्त केल्या होत्या, उरल्या असत्या तर वाया गेल्या असत्या, आणि तसंही मी इकडूनच जाणार होती.