लाल दोरा आणि कब्बाला

‘डाव्या मनगटावर लाल दोरा बांधा, मन शांत होईल; ही ज्यू गूढविद्येची, कब्बालाची प्राचीन शिकवण आहे,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो.

प्रथा खरीच आहे. बेथलेहेमला ज्यूंची पूर्वमाता मानल्या जाणाऱ्या राहेलच्या कबरीभोवती गुंडाळलेला दोरा लोक श्रद्धेने बांधतात. पण ती लोकरूढी. १३व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आलेल्या ‘जोहर’ या कब्बालाच्या मुख्य ग्रंथात ती सापडत नाही.

कब्बालातली शांती वेगळीच, आणि मला वाटतं अधिक कष्टाची. १६व्या शतकात गॅलिलीतल्या (आजचा उत्तर इस्रायल) साफेद गावी घडलेल्या परंपरेनुसार तुटलेलं जग प्रार्थनेतून, धर्माज्ञा पाळून सांधायचं असतं.

पडताळायचं तर ‘तोसेफ्ता’ या जुन्या ज्यू धर्मसंहितेतला शब्बाथचा, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, भाग वाचा. भाषांतर ऑनलाइन मिळतं. तिथे बोटाला लाल दोरा बांधणं चक्क टाळायच्या परक्या रीतींत मोजलंय.